डॉर्कसच्या माहेरचं जनावर

डॉर्कसची गोष्ट सांगायची तर आधी त्या जनावराचं सांगायला हवं, आणि त्याचं नाव काही मी घेणार नाही. चार पायांचं असतं. चिखलात लोळतं, घुरघुरतं, शेपटीला पीळ असतो, आणि ख्रिसमसला त्याची मांडी आम्ही सगळे मिटक्या मारत खातो. कळलं? कळलं असेल तर मनातच ठेवा. आमच्या स्केलविकमध्ये त्याला 'घुरघुऱ्या' म्हणतात. कोणी 'ते गृहस्थ' म्हणतं. माझी सासू तर नुसतं बोटानं नाक वर करून दाखवायची. खाटकाच्या दुकानात बाया खुशाल सांगतात, "त्या गृहस्थांचे चार काप दे रे," आणि खाटीकही न हसता कापून देतो. खायला बंदी नाही, नाव घ्यायला आहे. नाव घेतलं की होडी परत येत नाही. चुकून तोंडातून गेलंच तर जवळ असेल त्या लोखंडाला हात लावायचा म्हणतात. पण त्यानं गेलेली होडी परत आली असं छातीवर हात ठेवून सांगणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

बाहेरचे लोक हसतात. हसा बापडे. तुमचा माणूस रोज पहाटे त्या काळ्या पाण्यावर जात नाही, म्हणून दात निघतात.

तसं आमचं बोलणंच बाहेरच्याला कळत नाही. इंग्रजी म्हणे सगळ्या देशाची एक. कोणी सांगितलं? पलीकडच्या खाडीतले लोक छोट्या खेकड्याला जे म्हणतात ते आमच्याकडे भर चॅपेलमध्ये म्हटलं तर मार पडेल. यावरून ठरलेली सोयरीक मोडल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि टेकडीवरचे शेतकरी! ते एक वेगळंच प्रकरण. त्यांनी 'हो' म्हणायला सुरुवात केली की आपण आत जाऊन चहा टाकावा. चहा होईपर्यंत त्यांचं 'हो' संपतं.

डॉर्कस त्या टेकडीवरची. सायलसनं तिला हिवाळ्याच्या जत्रेत पाहिलं आणि येड्यासारखा मागेच लागला. गाव म्हणालं, अरे बाबा, समुद्राच्या माणसानं समुद्राची बायको करावी. त्याला कुठे ऐकायचंय. डॉर्कस गुबगुबीत होती, लाल गालांची, बोलताना अर्धं गाव जागं करायची. तिच्या बापाकडे गाईगुरं नव्हती, मेंढरं नव्हती. होतं ते एकच जनावर, तेच ते, अंगण भरून.

लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सायलस पहाटे दारात बसून समुद्राचे बूट चढवत होता. त्याच्या होडीतला जोडीदार जेथ्रो त्याला न्यायला आलेला, बाहेर उभा. डॉर्कसला आदल्या दिवशी माहेरचा निरोप आला होता, त्या आनंदात ती. भाकरीचं गाठोडं नवऱ्याच्या हातात देताना म्हणाली, "आमच्या मोठ्या अमकीला पिल्लं झाली! रविवारी जाऊन एक घेऊन येऊ." त्या अमकीचं नाव तिनं घेतलं, आणि पिल्लांचंही घेतलं, हसत हसत, नवऱ्याच्या पायात बूट असताना.

रीत अशी की अशा वेळी बूट काढायचे आणि दिवसभर घरी बसायचं. जेथ्रो तसाच वळला आणि घरी गेला. पण सायलस नवा नवरा. बायकोच्या एका शब्दावर घरी बसला म्हणून लोक चिडवतील, याची त्याला जास्त भीती. तो हसला, तिच्या गालाला चिमटा काढला आणि दुसऱ्या एकाला घेऊन गेला. दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या आल्या. त्याची आली नाही. ईलाय तेव्हा डॉर्कसच्या पोटात होता.

आणि गावानं तिला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. हेच तर भयंकर. बोलले असते तर ती भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. पण सगळे चांगलं वागले. कोणी मासे आणून दिले, कोणी कोळसा. जेथ्रोनं तर छप्पर शाकारून दिलं. फक्त ती आली की बाया जरा सावरून बसायच्या, तेवढंच. तुझ्यामुळे गेला, असं कोणी म्हणालं नाही. तुझ्यामुळे नाही गेला, असंही कोणी म्हणालं नाही.

दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. ही राहिली. आणि आमची बोली अशी उचलली की आम्ही तोंडात बोट घालावं. दोन-चार वर्षांत टेकडीचा हेल पार गेला. भांडायला उभी राहिली तर धक्क्यावरचे समुद्रपक्षीही उडून जायचे. आळशी माणसाला म्हणायची, "भरतीची वाट बघत पडलेला शिंपला मेला!" जेथ्रोला एकदा भर बाजारात म्हणाली, "तुझं थोबाड बघूनच मासळी खोल जाते रे म्हाताऱ्या, गळ टाकायची गरजच काय." लोक पोट धरून हसले. जेथ्रोही हसला. पण त्याचे डोळे हसले नव्हते. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

माहेरचं मात्र तिनं कधी काढलं नाही. बाप गेला तेव्हा जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी शिंपले सोलायला बसली, जणू काही झालंच नाही. बोलणार तरी काय बिचारी? तिच्या माहेरी असा एक कोपरा नव्हता जिथे ते जनावर नव्हतं. लहानपणचे खेळ त्यांच्याशी, थंडीत झोपायची ती त्यांच्या उबेला. एकही आठवण अशी नाही की त्या नावावाचून सांगता येईल. छोटा ईलाय विचारायचा, "आई, आजोबा काय करायचे?" ती म्हणायची, "शेती." संपलं. पोराला आजोळ म्हणून एवढा एकच शब्द मिळाला.

ईलाय मोठा झाला, त्यानं होडी घेतली, आणि माझा मुलगा रूबेन त्याचा जोडीदार झाला. त्या होडीत दोघेच. म्हणजे डॉर्कस आणि मी, दोघींचे डोळे एकाच होडीकडे. शिंपले सोलायचे, गळांना लावायचे, आणि मध्येमध्ये मान वर करून खिडकीतून बघायचं, हेच आमचं आयुष्य. एकीनं बघितलं की दुसरी विचारायची, "दिसली?" आणि पहिली म्हणायची, "दिसेल."

त्यात कडमडला हा मिस्टर पेनफोल्ड.

विद्यापीठातला माणूस. गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांचं बोलणं गोळा करायचा. सोबत एक पेटीसारखं यंत्र, त्यावर दोन चाकं गरगर फिरायची आणि माणूस बोलेल ते फितीवर धरून ठेवायची. पोरगा वाईट नव्हता, पण शहाण्या माणसाला जेवढी अक्कल लागते तेवढी नव्हती. पबमध्ये बसला आणि म्हाताऱ्यांना बिअर पाजून विचारू लागला, पाय घसरण्याला काय म्हणता, रुसलेल्या पोराला काय म्हणता. आमचे म्हातारे काय सोडतात! बिअरचा ग्लास आला की शब्द पैदा. आठवला नाही तर जागच्या जागी तयार. विद्यापीठात आज स्केलविकचे म्हणून जे शब्द जपून ठेवलेत, त्यातले निम्मे जेथ्रोच्या तहानेतून निघालेत.

मग पेनफोल्ड पाळीव जनावरांवर आला. गाय झाली, घोडा झाला. आणि त्यानं ते नाव घेतलं.

रूबेन तिथेच होता, त्यानं मला सांगितलं. सगळे उठले आणि शेगडीला हात लावायला गेले. पेनफोल्डला वाटलं, म्हाताऱ्यांना ऐकू आलं नसावं. म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मग चित्र काढून दाखवलं आणि चित्राखाली बोट ठेवून तिसऱ्यांदा म्हटलं. शेगडी तापलेली होती, तरी कोणी हात काढेना.

शेवटी जेथ्रो म्हणाला, "ते आमच्याकडे नाही मिळायचं, मास्तर. वरच्या गल्लीत डॉर्कस राहते, तिच्याकडे जा. तिच्या माहेरची बोली आहे ती."

इतकी वर्षं त्या माणसानं ते तोंडात धरून ठेवलं होतं. रूबेन म्हणाला, त्यावर एकही माणूस हसला नाही.

दुसऱ्या दिवशी लाटा मोठ्या होत्या, होड्या सगळ्या वाळूवर. मी डॉर्कसच्या स्वयंपाकघरात शिंपले सोलत होते. पेनफोल्ड आला, टेबलावरची टरफलं बाजूला सारून त्यानं यंत्र मांडलं. डॉर्कस खुलली. कोणीतरी तिच्याकडून स्केलविकची बोली विचारायला आलं म्हणजे केवढा मान! चहा मुरण्याला काय म्हणतात इथपासून डावखुऱ्याला काय म्हणतात इथपर्यंत तिनं सगळं सांगितलं, वर चार शिव्याही ऐकवल्या आणि म्हणाली, "ह्यासुद्धा घ्या, मास्तर, तुमच्याकडे अशा मिळायच्या नाहीत." तो पोरगा लाजून लाल झाला.

मग त्यानं ते नाव घेतलं. मी झटकन चुलीची सळई पकडली. डॉर्कसची सुरी शिंपल्यात तशीच थांबली.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"मिस्टर जेथ्रोंनी. म्हणाले, तुमच्या माहेरची बोली."

"माहेर म्हणाला?"

"हो. काही चुकलं का?"

डॉर्कस उठली, खिडकीशी गेली. ईलायची होडी वाळूवर आहे ना, ते नीट बघून घेतलं. मग येऊन बसली आणि म्हणाली, "थर्झा, तुला जायचं असेल तर जा गं." मी गेले नाही.

आणि ती बोलायला लागली. नाव घेतलं. मोठीचं, नराचं, पिल्लांचं, सगळ्यात शेवटी जन्मलेल्या मरतुकड्या पिल्लाचं. त्यांना जेवायला बोलावण्याची हाक कशी मारायची तीही मारून दाखवली, असा लांब गळा काढून की माझ्या अंगावर काटा आला. बघता बघता तिचा हेल बदलला. टेकडीचा हेल, हळूहळू चघळत बोलणारा, इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात परत आला. मरतुकडं पिल्लू ती पांघरुणाखाली घेऊन झोपायची, आई ओरडायची, बाप म्हणायचा राहू दे गं. ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिचा बाप मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मी सळई सोडली नाही, पण तिला थांबवलंही नाही. कसं थांबवणार? माहेरी गेलेल्या बाईला कोणी उंबऱ्यावरून परत ओढतं का?

ती थांबली तसं पेनफोल्डनं चाकं उलटी फिरवली. "फार सुंदर! ऐका आता." आणि पेटीतून डॉर्कसच बोलायला लागली. तेच नाव, तिच्याच आवाजात.

डॉर्कसचा चेहरा पांढरा पडला. "हे आता... हे कधीही बोलतं?"

"कधीही!" तो कौतुकानं म्हणाला. "तुम्ही-आम्ही गेल्यावरसुद्धा. विद्यापीठात विद्यार्थ्यांना ऐकवू आम्ही."

"पुसा ते."

"अहो, लाजताय काय? सगळ्यात छान तुम्हीच बोललात."

"पुसा म्हणते ना! माझा मुलगा समुद्रावर जातो!"

त्याला वाटलं, बाई भावनेच्या भरात काहीतरी बोलतेय. गोड हसला, पेटी उचलली, आभार मानले आणि गेला. जाऊन कुठे गेला? पबमध्ये. संध्याकाळी सगळ्या गावाला त्यानं ती फीत ऐकवली, शेजारणीचं गाणं ऐकवावं तशी. आणि सकाळच्या गाडीनं ती शहराला धाडूनही दिली.

मग गावात जी चर्चा सुरू झाली ती ऐकून हसावं की रडावं कळेना. जेथ्रो म्हणाला, शब्द एकदा तोंडातून गेला की हवेत विरतो, पण हा डबीत भरलाय. डबी उघडतील तेव्हा तो पुन्हा निघणार, आणि त्या वेळी ईलाय पाण्यावर असला तर? माझा रूबेन आणि आणखी दोघे टोप्या काढून पेनफोल्डकडे गेले.

रूबेन म्हणाला, "मास्तर, तुमचं काम आहे, आम्ही नाही म्हणत नाही. फक्त लावायच्या आधी पोस्टात फोन करत जा. आम्ही त्या दिवशी होड्या काढणार नाही."

पेनफोल्ड म्हणाला, "अहो, ते कसं जमेल?"

"मग रविवारी लावा की. रविवारी आम्ही तसंही घरी असतो."

"रविवारी विद्यापीठ बंद असतं हो!"

तिघेही टोप्या घालून परत आले. पेनफोल्ड पुढच्या गावाला गेला. त्याच्या मनात काहीच राहिलं नसेल. आमच्याकडे मात्र रोज सकाळी होड्या निघताना प्रत्येकाच्या मनात एकच, आज लावतायत का?

आठवडाभरात रूबेननं ईलायची होडी सोडली. जेथ्रोच्या पुतण्याची नवी इंजिनाची होडी होती, तिच्यावर गेला. मी कडाकडा भांडले. "लाज नाही वाटत? लहानपणापासूनचा जोडीदार तो!"

"वाटते ना लाज," तो बूट काढता काढता म्हणाला. "पण भीती जास्त वाटते गं."

ईलायबरोबर जायला दुसरं कोणी तयार होईना. तो एकटाच जाऊ लागला. एकट्या माणसानं वल्हं सांभाळायचं की खेकड्यांचे पिंजरे ओढायचे? डॉर्कस म्हणाली, मी येते. तो म्हणाला, "आई, बाईमाणूस होडीत? आधीच काय कमी आहे?" मग ती धक्क्याच्या पायरीवर बसू लागली, तो जाईपासून तो येईपर्यंत. भांडण नाही, टोमणे नाहीत. जेथ्रो शेजारून गेला तरी मान वर करायची नाही. गावातलं सगळ्यात तिखट तोंड असं मिटलेलं मला बघवायचं नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसायची. आता आमच्या दोन वेगळ्या होड्या होत्या. तरी मी विचारायची, "दिसली?" ती उत्तर द्यायची नाही.

सगळं गाव ईलायकडे डोळे लावून होतं. वाईट कोणाच्या मनात नव्हतं, पण आज की उद्या, एवढंच काय ते प्रत्येक जण मोजत होता.

आणि मग त्या दिवशी दुपारी वारा उत्तरेला गेला. ईलाय एकटा, थोडेच पिंजरे, म्हणून लवकर परत आलेला. नव्या होडीवाले इंजिनाच्या भरवशावर लांब गेले होते. बंदराच्या तोंडाशी आम्ही त्यांची होडी बघितली. अगदी इतकी जवळ की रूबेनची टोपी ओळखू येत होती. ईलाय दोर घेऊन कमरेपर्यंत पाण्यात शिरला, चौघांनी त्याला मागे ओढला. एक लाट आली. ती गेल्यावर तिथे होडी नव्हती.

माझा रूबेन. माझा भित्रा, लाजरा, गुणी रूबेन. जी होडी सगळ्यात सुरक्षित तिच्यावर बसून गेला. पुतण्या गेला, दुसरे दोघे गेले.

चॅपेलच्या दारात जेथ्रो मला म्हणाला, "शब्द होडी बघत नाही, पोरी. रूबेन ईलायचाच जोडीदार ना? नेम जरासा चुकला, इतकंच." त्याचा स्वतःचा पुतण्या गेला होता, रडून रडून डोळे सुजले होते, तरी त्याला हेच सुचलं. मी त्याच्या बाजूनं तशीच आत गेले.

चार दिवस गेले, वारा पडला आणि होड्या पुन्हा निघाल्या. पोटाला कसलं सुतक? ईलायही गेला.

त्या दिवशी डॉर्कस धक्क्यावर न बसता माझ्याकडे आली. हातात पाव होता, फडक्यात बांधलेला. उंबऱ्याबाहेरच उभी.

"आत ये की गं."

"नाही. आधी सांग. सायलस गेला तेव्हा मला कोणीच सांगितलं नाही. तू तरी सांग, थर्झा. तोंडावर सांग. रूबेन माझ्यामुळे गेला का?"

"वेडी आहेस का? वाऱ्यानं गेला. उत्तरेच्या वाऱ्यानं गेला."

"खरं सांग."

"खरंच सांगते."

"मग माझ्याकडे बघून सांग ना!"

मी बघितलं. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि मला तिचा राग आला, जेथ्रोचा आला, पेनफोल्डचा आला, सगळ्या गावाचा आला. मी ओरडले, "शब्द म्हणजे काय गं? तोंडातली वाफ! त्यानं माणसं मरतात? थांब, मीच घेते ते नाव. इथे, दारात उभी राहून घेते. माझं आता समुद्रावर कोण राहिलंय? मला कसली भीती?"

आणि मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात डॉर्कसनं पाव टाकला आणि माझ्यावर झेपच घेतली. तिचा खरबरीत हात माझ्या तोंडावर गच्च बसला. दुसऱ्या हातानं तिनं माझं डोकं मागून धरलं होतं.

"नको!" ती म्हणाली. "नको गं थर्झा, पाया पडते तुझ्या. ईलाय बाहेर आहे!"

आम्ही तशाच उभ्या राहिलो. जे विचारायला ती आली होती त्याचं उत्तर तिनंच दिलं होतं, आणि ते तिला कळलं हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. हात हळूहळू खाली आला. ती माझ्या उंबऱ्यातच बसली आणि हुंदके देऊ लागली, सायलससाठी की रूबेनसाठी की स्वतःसाठी, देव जाणे. मी पाव उचलला, झटकला, आणि तिच्या शेजारी बसले. ईलायची होडी दिसेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. विद्यापीठात ती फीत कधी लावतात, लावतात की नाही, आम्हाला काही कळत नाही. डॉर्कस थकली आहे, धक्क्यापर्यंत जायला आता माझा आधार लागतो. ईलाय अजून जातो, एकटाच जातो. आजही गेलाय, म्हणून मी ते नाव घेत नाही.